उकंड्याचा अर्धा घुमट

बापाच्या आधीची दोन लेकरं गेली,
म्हणून आजीनं तिसऱ्याला घटकाभर
उकिरड्यावर ठेवलं आणि नाव दिलं उकंडा.
यमाला ते नाव आवडलं नाही म्हणतात.

पुढं अंधारी नदीकाठच्या टिनाच्या चर्चात
देवाच्या डोक्यावर आभाळ बांधायचं काम आलं,
तेव्हा सामान शोधायला
बाप उकिरड्यावरच गेला.

फादर वर्कींकडे एक पुस्तक होतं, शिवण सुटलेलं.
त्यात रावेन्ना नावाच्या गावातली निळी कमान,
दगडावर बसलेला पोरगेला मेंढपाळ,
दाढी नाही, मिशी नाही,
सहा मेंढ्या, आणि एकीच्या नाकाशी नेलेला हात.
"पंधराशे वर्षं झाली याला," फादर म्हणाले.
बापानं पान डोळ्यांजवळ नेलं, मग दूर.
"हा रंग नाई जी. हे तुकडे आहेत."

अर्धा घुमट तोलायचा कशावर?
सागवान परवडत नव्हतं.
झिंगरू बुरडानं डालं विणलं,
कोंबड्या झाकतात तसलंच,
पण आत बैलबंडी मावेल एवढं.
बापानं ते उभं चिरलं, भिंतीला टेकवलं,
वर विटा, चुना, बेलाचा गर, गूळ.
एकविसाव्या दिवशी डालं खालून ओढून काढलं.
आभाळ जागचं हललं नाही.
पोटावर फक्त बांबूच्या विणीचे वळ.

निळा निघाला पोटाच्या औषधाच्या बाटल्यांतून.
पांढरा बशांतून. काळा, भट्टीत जास्त जळलेल्या विटेचा.
सोनं म्हणजे चहाच्या पेटीतली चमकी,
खिडकीच्या फुटक्या काचेमागं खळीनं डकवलेली.
हिरवा मिळेना.
मग एका दुपारी पार्वता गुरनुले
बिस्किटांचा डबा घेऊन आली.
तेरा वर्षांपूर्वी नदीवर फोडलेल्या तिच्या बांगड्या,
कोणी वेचून दिल्या तेही ती बोलली नाही.
"मेंढ्यांच्या पायाखाली घाल," एवढंच.

मी नऊ वर्षांची. अंगठा बारीक,
म्हणून शेवटचा दाब माझा.
पहिली ओळ मी फरशीसारखी सपाट बसवली.
संध्याकाळी बाप कंदील घेऊन समोरून चालला.
काच मेलेली होती.
त्यानं चुना ओला आहे तोवर सगळी ओळ उपटली.
"सुपात तांदूळ पडून राहातेत तसे बसव.
कोणी इकडं कलला, कोणी तिकडं.
सगळे एकाच दिशेनं पाहू लागले
की उजेड उठून जाते."

मल्ला कुरमार बघायला आला, त्यालाही मिशी नव्हती.
लोक हसले, "अरे, हा तर तूच!"
तो स्वतःकडं बघेचना.
"कान चुकले," म्हणाला,
"आमच्या मेंढ्यांचे असे उभे नसतात, लोंबतात."
फादरांनी पुस्तक उघडलं, मिटलं.
बापानं बारा कान खरवडून काढले.

बाप किरिस्ताव झाला नाही.
रविवारी पायरीवर बसायचा, चपला राखल्यासारखा.
सगळे पांगले की आत जाऊन
भिंतीला तळवा लावायचा.
ओल आली का, एवढं पाहायला.

यंदा गेले. नव्या फादरांनी ट्यूबलाइट लावलीय.
तिच्याखाली सगळं सपाट, धुतल्या बशीसारखं.
तिसऱ्या मेंढीजवळचे काही तुकडे गळलेत,
चुन्यात एक अंगठा उघडा पडलाय,
माझा, पण मला आता न बसणारा.

मग लाईन गेली.
वेदीवरची एक मेणबत्ती होती तेवढी, वाऱ्याला लागलेली.
मेंढ्यांच्या पायाखाली आधी एक बांगडी जागी झाली,
मग दूरची दुसरी,
मध्ये बराच अंधार ठेवून.

मी भिंतीला तळवा लावला.
कोरडी होती.