सहा थरांचा कोपरा

सेलूत स्टेशनरोडला माझं मशिनीचं दुकान.
गिऱ्हाईक आधी किंमत विचारतं,
मग रंग.
सोजरबाईंनी काहीच विचारलं नाही.
पिशवीतून वाकळेचा कोपरा काढला,
धोतराचे दोन थर, लुगड्याचे तीन,
मधे शाळेची खाकी चड्डी.
"ह्याच्यातून जाईल ती दावा."

पहिली मोटरची, वर कॅलेंडर फुकट.
खाकीच्या शिवणीवर सुई कट्‌कन मोडली,
तुकडा उडून माझ्या चष्म्याला लागला.
दुसरी पांढरी, हलकी, बावीस तऱ्हेची फुलं काढणारी.
वरचा थर पुढं पळाला, खालचा मागं राहिला.
"जावा-जावांवानी," बाई म्हणाल्या.
तिसरी कोपऱ्यातली, काळी, पायाची, जुनी,
जिच्यावर मी जेवणाचा डबा ठेवायचो.
पट्टा चढवला, तेल सोडलं.
चिखलातून बैल जातो तशी
सावकाश, पण गेली.

त्यांनी कापड उलटून पाहिलं.
"समदे टाके सारखेच," म्हणाल्या.
तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.
मग कोपऱ्याची दुसरी बाजू पुढं केली, हाताची.
"हितं बगा, टाके लांबले. डुलकी लागली व्हती.
हितं बारीक, दाट, त्या दिशी भांडण.
आन हितं लाल दोरा सरला, म्हून हिरवा.
दुकानं बंद, आन पोरगी तापानं फणफणलेली."

तीस वर्षं टाके बघतोय मी.
वाचता येतात, हे माहीत नव्हतं.

मशीन घेतलीच त्यांनी.
हॉस्टेलच्या चाळीस वाकळा, दिवाळीच्या आत,
हातानं कुठल्या व्हायच्या?
चारशे कमी केले.
टेम्पोत चढवताना विचारलं, "मधीच थांबती का ही?"
म्हटलं, पाय उचलला की थांबते.
"मंग जमल."

माघात तेलपाण्याला गेलो.
चाळीस गेल्या होत्या, पैसेही आले होते.
मशिनीवर एक अर्धी वाकळ पसरलेली,
कडेकडेनं आत वळत गेलेला धावदोरा,
मधोमध भाकरीएवढी जागा अजून कोरी,
सुई तिथंच टोचलेली.
"ही कुणाची?"
"कुनाचीच न्हाई अजून. हिला घाई न्हाई."

तेवढ्यात लाइट गेली.
अंधारातच मी
शेवटच्या ओळीवरून बोट नेलं.
टाके जरा लांबले होते.