काटा

शुक्रवारी संध्याकाळी लॉइड आला, स्वतःचा ग्लास घेऊन.
मी तोटी ओढली
आणि तोटीनं नुसता सुस्कारा टाकला.
पाव ग्लास फेस. मग तोही नाही.

"पण बुधवारी तर काटा भरलेला दाखवत होता," लॉइड म्हणाला.
हो, तो तसाच दाखवतो.
सिलिंडरच्या पोटात शेवटचा चमचाभर द्रव असेपर्यंत
मोठा काटा जागचा हलत नाही,
आणि द्रव संपला की
जेवायला बसून उठेपर्यंत आडवा होतो.

फोर्ट कॉलिन्सच्या या गॅरेजमध्ये
जुन्या फ्रिजला भोक पाडून मीच बसवलंय सगळं:
पाच पौंड गॅस, रेग्युलेटर, राखाडी नळ्या,
दोन पिंपं, एकात गव्हाची, एकात काळी.
ह्यूस्टनला होते तेव्हा बारावर ठेवायचे.
इथं पाच हजार फुटांवर हवाच पातळ,
म्हणून साडेचौदा.
बाहेरच्यापेक्षा आत किती जास्त,
रेग्युलेटर एवढंच सांगतो.
हे कळायला मला एक आख्खं पिंप
मिळमिळीत प्यावं लागलं.

शनिवारी वेल्डिंगच्या दुकानात
आरेदोन्दोंनी रिकामा घेतला, भरलेला दिला.
"पंधरा दिवसांत दुसरा? सिन्योरा,
फार पिताय की फार गळतंय?"
गळतंय, म्हटलं.
"सगळे असंच सांगतात."

मग वाटीत भांड्यांचा साबण, पाणी, जुना टूथब्रश.
रेग्युलेटरची मान: काही नाही.
नळीवरची पट्टी: काही नाही, तरी पान्यानं अर्धा आटा आवळली.
प्रत्येक सांध्यापाशी हात थांबतो, वाट बघतो.
हे थांबणं मिरजेचं आहे.
बाबांच्या पंक्चरच्या दुकानात
घमेल्यातल्या गढूळ पाण्यात ट्यूब वीतवीत फिरवताना
मी घाई केली की ते म्हणायचे,
"हवा लाजाळू असते. बघत बसलं तर येते."
बुडबुडा आला की तिथं पेन्सिलची फुली,
आणि चिकटवण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं,
कारण बाभळीचा काटा अजून तिथंच असतो.
माझ्या उजव्या तर्जनीला त्याची खूण आहे.

बाबांनी आयुष्यात थेंब घेतला नाही.
मी घरी बिअर करते हे सांगितलं तेव्हा
फोनवर बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाले, "दाब किती ठेवतेस?"
साडेचौदा.
"सायकलला कमी आहे."

गळती काळ्या बिअरच्या पिंपाला सापडली, झाकणाच्या कडेला.
मोहरीएवढा बुडबुडा,
त्याला चिकटून दुसरा, तिसरा,
जशी कुणी आत बसून
माळ ओवतंय.
वायसर चिरला होता. चाळीस सेंटांचा.
नवा बसवला, त्याला बोटानं ग्रीस चोपडलं,
झाकण दाबलं, पुन्हा साबण,
आणि पायरीवर बसून काहीच न घडण्याकडे
दहा मिनिटं बघत राहिले.

आता मी मोठ्या काट्याला विचारत नाही.
रविवारी सकाळी सिलिंडर उचलून वजनकाट्यावर ठेवते.
रिकाम्याचं वजन त्याच्या मानेवर कोरलंय, साडेसात पौंड,
ते वजा करून उरेल तो गॅस.
भिंतीवरच्या वहीत लिहिते.

मग मिरजेला फोन.
तब्येत? "ठीक."
जेवण? "ठीक."
तीन वर्षं हेच उत्तर, याच आवाजात.
या रविवारी विचारलं,
बाबा, दवाखान्यात वजन किती भरलं?
"त्यांचा काटा बिघडलाय."
पण किती भरलं?

खरखर.

"एक्कावन्न."

पेन्सिल हातातच होती.
बारा पूर्णांक एकच्या खाली लिहिलं,
आणि शेजारी तारीख.