राखणीची वही

चार गावांचा एक तलाव, एकच तुडुम.
सात वर्षांमागे त्याच पाळीवर
कवडू नान्ह्याचं डोकं फुटलं
आणि खैरपारच्या लोकांनी
आमच्या गावात पोरी देणं बंद केलं.

मग जिल्ह्यातून शांतता आली,
टेम्पोतून.
बारा बॅटऱ्या, बारा शिट्ट्या, बारा पिवळी जाकिटं,
पाठीवर कुणाचं तरी बोधचिन्ह,
आणि एक फलक, त्यावर आमच्या गावाचं नाव
सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक.
रात्री दोन माणसं तुडुमावर, महिन्याला मानधन,
दर तिमाहीला अहवाल.
तंटे: निरंक.
निरंक हा शब्द मी तेव्हाच शिकले.
तंटा झाला तरी निरंक,
नाहीतर पुढचा हप्ता अडतो, म्हणाले साहेब.

हप्ता तसाही अडला.
तिसऱ्या वर्षी, धान गर्भात असताना,
एका ओळीचं पत्र: प्रकल्प कालावधी संपला.
त्या रात्री तुडुमावर कुणीच नव्हतं.
मी अंथरुणात कान देऊन पडले,
पाणी कुणाच्या बांधीकडे वळतं ते ऐकत.

सभेत डोमाजी म्हणाला, दुसरी संस्था पाहू.
सायत्रा कुंभरे उभी झाली.
"कोनाच्या पैशानं शांत बसलो होतो जी आपन?
पैसे सरले तं डोके फोडाचे काय आता?"

घरटी एक पायली धान, असं ठरलं.
ठरायला तीन सभा लागल्या, एक भांडण,
आणि मंसारामचा रुसवा:
त्याची जमीन तलावाच्या वरच्या अंगाला,
"मले पानीच लागत नाही, मी काऊन देऊ?"
शेवटी अर्धी दिली.
मी वहीत अर्धीच लिहिली.

एका दुपारी खैरपारहून, सायकलीला पोतं बांधून,
तो आला,
ज्याच्या काठीनं ते डोकं फुटलं होतं.
नाव लिहिताना माझं पेन थांबलं.
"दोन पायल्या लिवा," तो म्हणाला,
"एक माह्या बापाची. काठी त्यानंच शिकवली."
कवडू मापापाशीच बसला होता.
बोलला नाही काही.
पायली भरली, वरची रास तळहातानं सपाट केली,
आणि सांडलेले दाणे वेचून
परत त्याच्याच पोत्यात टाकले.

आता बॅटऱ्या आठच चालतात.
राखणदाराला डुलकी लागली
की सायत्रा पाळीवर जाऊन ओरडते,
"माह्या धानावर झोपतं का रे?"
साहेबांच्या काळात कुणी ओरडलं नव्हतं.
ओरडणार कशाच्या जोरावर?

फलक उपटून कुणीतरी
त्यावर मोहफुलं वाळवायला घातली आहेत.
वहीत यंदा, तंटे: चार.
मिटले: तीन.
चौथा माझ्याच दिराचा.
त्याची पायली अजून यायची आहे.