एका नावाच्या दोघी

या वयात कशाला, हे विमानतळावर कुणी विचारलं नाही.
ते काम मुलीनं निघण्याआधीच उरकलं होतं,
फोनवर, दोनदा.
मी एकोणसत्तर, रेयो बाहत्तर.
अठरा महिन्यांची सेवा, असं पत्रात होतं,
आणि गुडघ्यांसाठी एक रकाना.
मी त्यात 'बरे' लिहिलं.

नामिबियाच्या उत्तरेला, ओंडांग्वाच्या पुढे
वाळू इतकी पांढरी, की पहिल्या सकाळी
खिडकीतून बघत मी म्हटलं, रात्री पडलाय वाटतं.
रेयो हसला नाही. तोही तेच बघत होता.
चाळीस वर्षं त्यानं लॅपलँडच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलला.
आता मिशनची गाडी रुतली की तो उतरतो,
चाकांतली हवा कमी करतो
आणि जमलेल्या पोरांना सांगतो, हा बर्फच, फक्त हट्टी.
पोरांनी बर्फ पाहिलेला नाही.
हट्टी त्यांना कळतं.

सातच्या सुमारास अंधार. बाराही महिने, वेळेवर,
चोख कारकुनासारखा.
आमच्याकडे जूनमध्ये रात्र येत नाही
आणि डिसेंबरात जाता जात नाही.

वा लालापो, मेमे?
रात्र नीट गेली ना, आई?
पहिल्या आठवड्यात मी 'हो' म्हणून पुढे चालू लागायचे.
चर्चच्या कचेरीतली सेल्मा म्हणाली,
तुम्ही माणसांना अर्धंच भेटता.
उत्तर द्यायचं, थांबायचं, मग आपण विचारायचं.
तेव्हापासून नळापर्यंत जायला मला तास लागतो.
गावी दुकानातला मुलगा माझ्या डोक्यावरून
पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघायचा.

बाजरी कांडायचाही हट्ट केला मी.
तीन घाव. चौथ्याला मुसळ उखळ सोडून पायापाशी.
बायका पोट धरून हसल्या,
मग लेकराच्या हातची सुरी काढून घ्यावी
तशी अलगद घेतली माझ्याकडून.

आणि नोंदवही.
तोइवो. साइमा. लेंपी. मार्त्ती.
दीडशे वर्षांपूर्वी आमच्याकडचं कुणी
इथे उतरलं, आणि ही नावं इथली झाली.
माझ्या आजोळच्या दफनभूमीत दगडांवर वाचलेली माणसं
समोरच्या रस्त्यानं दप्तर घेऊन शाळेत चालली होती.
मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

गुरुवारी, आजाऱ्यांच्या यादीतलं चौथं घर.
म्हातारी नव्वदीची, दोन्ही डोळे गेलेले.
मी स्तोत्राच्या पानात बोट घालूनच बसले होते.
नाव काय तुझं?
राउना, म्हटलं.
छे, ते माझं, म्हणाली.
सेल्मानं समजावलं.
मग म्हातारीचे हात माझ्या तोंडावर आले,
कपाळ, कान, हनुवटीखालचं लोंबतं कातडं,
आपलीच वस्तू कुणी वापरून परत आणावी
आणि ती तपासावी, तसे.
म्बुशे, म्हणाली.
एका नावाची. म्हणजे, सेल्मा म्हणाली, आता तुम्ही तिच्या,
तुमच्या उपाशी पोटाची लाज तिला.

तिकडे कोण जागतं गं तुझ्यापायी?
मला वाटलं होतं, ती देवाबद्दल विचारेल.
मुलगी, म्हटलं. जागत नसेल. रागावलीय.
रागावलेलीच जागतात, म्हणाली,
आणि प्रार्थना तिनंच केली.
बरीच लांब. मला त्यातली तीन नावं कळली,
पैकी दोन माझी.
स्तोत्राचं पान बोटाखालीच राहिलं.

निघताना काखेत जिवंत कोंबडी.
नको म्हणायची सोय नव्हती.
वाटेत गाडी दोनदा रुतली, कोंबडी सीटखाली गेली,
रेयो वाळूत, कोंबडीच्या मागे मी गुडघ्यांवर.
बरे आहेत गुडघे.

रात्री फोन लावला.
काम कसं चाललंय, मुलीनं विचारलं, कोरड्या आवाजात.
म्हटलं, एक कोंबडी मिळाली.
आणि ऐक, तुला झोप नीट लागते ना?
लागते, म्हणाली.
मी थांबले. थांबायचं असतं.
मच्छरदाणीबाहेर काहीतरी गुणगुणत होतं,
लॅपलँडमध्ये कुणाचं तरी कुत्रं भुंकलं,
मग ती म्हणाली,
आणि तुला?