धार

इराप्पा गवळी अंगठा पुढं करून बसलाय
सीपीआरच्या ओपीडीत, त्र्याऐंशी नंबरचा कागद मांडीखाली दाबून.
गंगावेशीच्या कट्ट्यावरनं थेट आलाय,
अंगाला अजून सरकी-पेंडीचा वास.

अंगठ्याच्या सांध्यावर गाठ. जांभळट लाल,
भोवती पांढरं कडं, त्याभोवती पुन्हा लाली,
आणि त्या सगळ्यावर गल्लीतल्या प्रत्येकाचा एकेक उपाय:
बिब्ब्याचा डाग, चुन्याची पुटं,
मेहुण्यानं दाभणानं पाडलेलं भोक,
मेडिकलवाल्याच्या तीन रंगांच्या गोळ्या.
मनगटापर्यंत सूज चढलेली.
"रातभर ठणकतंय बगा. कापून टाका एकदाचं."

माझा ज्युनिअर कापायच्याच बाजूनं.
तुकडा तपासायला पाठवू, म्हणतो.
तो पुण्याचा; म्हशीची ओळख त्याला
चहाच्या कपापुरती.

मी एक हातमोजा फुगवला, गाठ मारली,
बोटं खाली करून त्याच्यापुढं धरला.
"धार काढून दाखवा."
बाकावरची माणसं हसली. तोही हसला.
मग उकिडवा बसला,
अंगठा दुमडून मुठीत घेतला,
जसा बापानं शिकवला असेल.
गाठ बरोबर तिथं टेकली
जिथं रबराचं बोट दाबलं जात होतं.
कळवळला. थांबला नाही.

"म्हशीच्या सडांवर फोड आहेत?"
गप्प. समोर गिऱ्हाईक उभं असल्यासारखा गप्प.
मग हळूच: "मोरीच्या. आन् रेडकाच्या ओठाला बी."

विषाणू, मी सांगितलं. सडावरनं हाताच्या चिरेत, चिरेतून आत.
कर्करोग नाही. काळपुळी नाही. करणी तर नाहीच.
ही जी आग दिसते, त्यातली निम्मी बिब्ब्याची, दाभणाची;
तिला मलम, पट्टी, पाच दिवसांच्या गोळ्या.
गाठीला काही नाही.
सहा आठवडे, कदाचित आठ.
तिला फक्त सुरीची धार चालत नाही.

"काहीच न्हाई?"
त्याचा चेहरा पडला.
एवढ्या रांगेत उभं राहून
काहीच नाही, हे घरी न्यायचं कसं?
म्हणून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं:
गाठीला हात लावू नये.
खाली: सड धुणे. हातमोजे. रेडकू वेगळं बांधणे.

तिसऱ्या आठवड्यात आला. सूज उतरलेली,
गाठीवर खपली, कडेनं सुटत आलेली.
तक्रार वेगळीच.
मोजा घातला की मोरी पान्हा चोरते.
मान वळवून बघते, कोण हे रबराचं.
बायको शिंगापाशी उभी राहून तिचं कपाळ खाजवते
तेव्हा कुठं अर्धी चरवी.

"तिला कधी कळंल, डॉक्टर,
की हात माझाच हाय?"

पुस्तकात हे नव्हतं.
मी रेडकाच्या ओठाचं विचारलं.