शेरा

मेळा स्टँडवरून सव्वासहाची हरसूल गाडी.
पिशवीत टेप, होकायंत्र, पिवळ्या ऑइलपेंटचा डबा
आणि तक्ता, एकशेवीस पानांचा.
आईने विचारलं होतं,
उन्हात झाडं मोजायचे ते पैसे देतात की घेतात?
देत नव्हते. प्रमाणपत्र देणार होते.

वाघेऱ्याच्या उतारावर दहा बाय दहाचा चौकोन.
चार कोपऱ्यांना सुतळी बांधली
की आतलं ते जंगल
आणि बाहेरचं नुसतं बाकीचं.
घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा, साहेब म्हणाले होते.
कुणाच्या छातीच्या, हे मी विचारलं नाही.
तक्त्यात होतं एक मीटर सदतीस:
माझ्या गळ्याशी, लहानू झोल्यांच्या हनुवटीला,
छातीला कुणाच्याच नाही.

पहिला आठवडा मला सगळी झाडं सारखीच.
लहानूकाका डोळे मिटायला लावायचे, हात धरून सालीवर ठेवायचे.
सुसरीची पाठ लागली तर ऐन.
गुळगुळीत लागला, भर दुपारीही जरा गार, तर धावडा.
काटा लागला तर बोलायचं नाही, पुढे चालायचं.
करवंदांनी माझ्या वहीची कड जांभळी झाली
आणि सतरा नंबरचा चौकोन कायमचा अस्पष्ट.

दर सोमवारी कड्यासमोर दोन तास, दुर्बीण घेऊन.
गिधाडं: शून्य.
गिधाडं: शून्य.
शून्यही लिहायचं, रिकामं सोडायचं नाही.
कड्यावर चुन्यासारखे जुने ओघळ होते,
कुणीतरी घर सोडून जाताना
भिंत तेवढी मागे ठेवावी तसे.
"आमच्या ल्हानपणी," काका म्हणाले,
"बैल मेला की लगीन लागल्यागत गर्दी."
मी लिहिलं: शून्य. वेळ दहा चाळीस. आकाश निरभ्र.

तीन आठवड्यांनी कॅमेऱ्याचं कार्ड काढलं.
चारशे बारा फोटो.
तीनशे साठ, वाऱ्याने हललेलं गवत.
साळिंदर दोनदा, दोन्ही वेळा पाठमोरं.
एक उदमांजर. तेरा बकऱ्या.
पहाटे चार पन्नास, मोळी घेतलेली बाई, पाच वेळा.
चेहरा उजेडात पांढरा झालेला,
पण कोपरापर्यंत गोंदलेला हात मी ओळखला:
नागलीच्या भाकरीवर तिखटाचा गोळा ठेवून
"खाय, वाळून चालली" म्हणणारा.

मानवी हस्तक्षेप, होय की नाही, किती वेळा.
गाडी चुकेपर्यंत मी त्या रकान्यापाशी बसले.
मग लिहिलं: होय. छत्तीस.
मोळी पाच.
बाकी एकतीस मी स्वतः,
बॅटरी बदलताना, घाम पुसताना,
एकदा कॅमेऱ्याला जीभ दाखवताना.

साहेबांनी माझे एकतीस वगळायला सांगितले.
ते हस्तक्षेपात धरत नाहीत.

शेवटच्या दिवशी ओढ्याकडच्या मोहाला
टोळंब्या धरल्या होत्या, हिरव्या, कडक.
खोडावर माझाच पिवळा आकडा.
इठाबाई सरपण खाली ठेवून उभी,
त्याच गोंदलेल्या हाताने रंग चाचपत.
"माज्या सासूच्या मोहाला काय लिवलं गं?"
दोनशे सतरा.
ती हसायला लागली, पदर तोंडाला लावून,
"न्हाई गं पोरी, एवढं वय न्हाई त्याचं!"

अहवाल एकतीस मेला दिला.
झाड क्रमांक २१७. मोह. घेर एकशे अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर.
शेरा: वय एवढं नाही. सासूचा आहे.
समासात साहेबांचं लाल प्रश्नचिन्ह.
मी ते खोडलं नाही,
उत्तरही लिहिलं नाही.

प्रमाणपत्र आलं, जाड कागदाचं.
त्रिमूर्ती चौकात बसची वाट बघताना
गुलमोहराला हात लावून पाहिला,
डोळे मिटून.
रिक्षावाला म्हणाला, ताई, चक्कर येतेय का?