जंगीतून दिसतं तेवढं

ब्रेकचा जळका वास आला म्हणून थांबलो,
नाहीतर पप्पा थांबणार नव्हते.
तूरीनला जाचिंता मावशीकडे रात्रीचं जेवण,
डिकीत तिचं दुरुस्त केलेलं शिलाई मशीन,
आणि उतारभर त्याची खुडखुड.
गॅरेजवाला म्हणाला, दोन वाजता या.
बारा ते दोन इथे गाड्यासुद्धा जेवतात.

मग चढलो वर, जुन्या ब्रियांसोंमध्ये.
एक दरवाजा, खंदक, पुन्हा दरवाजा.
नेहमी पुढे चालणारे पप्पा सगळ्यांच्या मागे.

हे गाव आम्हाला न बघता पाठ होतं.
घरचा हीटर बिघडला की पप्पा सुरू व्हायचे:
एकोणीस वर्षांचा होतो, तटावर पहारा,
कमरेएवढं बर्फ,
बंदुकीच्या नळीला बोट लागलं तर कातडं तिथेच राहायचं,
समोर खिंड, खिंडीपलीकडे इटली.
‘मग इटलीनं काय केलं?’ रेमी विचारायचा.
‘काय करणार? मी होतो ना.’
आणि आई, जन्मानं पलीकडची,
भांडी विसळता विसळता म्हणायची,
‘मी आलेच की. तुझ्या नाकाखालून.’

उभ्या उताराची गल्ली,
मधोमध दगडी पन्हळ, त्यातून धावणारं पाणी.
आगीसाठी केलेलं म्हणे, पूर्वी गाव जळायचं.
रेमीनं त्यात बुटाची लेस सोडली,
मग बूट.
भिंतींवर सूर्याची घड्याळं,
सगळी दीडेक तास मागे;
उन्हाळी वेळ त्यांना कुणी कळवलीच नव्हती.

बेकरी बंद व्हायच्या बेतात होती.
गल्ल्यावरच्या म्हातारीनं सुट्टे मोजता मोजता
पप्पांकडे पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं.
‘आन्सेल्म ना तू? बटाट्यांचा?’

पप्पा पावांचे भाव वाचायला लागले.

‘अगं, भटारखान्यातला पोरगा हा,’
ती आता आईला सांगत होती,
‘अख्खा हिवाळा बटाटे सोलले यानं.
पहाटे चारला आमच्या मागच्या दारी हजर,
भट्टीपाशी बसायचा हात शेकत.
रडायचासुद्धा. लहानच होता.
आमच्या सासऱ्यांनी पीठ मळायला बसवलं,
म्हणाले, रडायचंय तर कामात रड,
मीठ वाचेल.’

‘दुसरा कुणीतरी असेल, मादाम,’ पप्पा म्हणाले.
पाव उचलला, उलटा केला,
दोन बोटांनी खालून टकटक केली,
कान लावला.
घरी प्रत्येक पाव असाच ऐकायचे ते.
आम्ही हसायचो, कोण आहे आत म्हणून.

दाराशी जाऊन थबकले.
‘म्हातारे ओगुस्त?’
‘झाली की सव्वीस वर्षं.’
पप्पांनी मान हलवली.
पैसे द्यायचे राहिलेच, ते आईनं दिले.

तटावर बसून खाल्लं.
एका पायात बूट, एक पाय ओला,
रेमी जंगीला डोळा लावून उभा.
‘खिंड कुठाय? इथून नुसतं पार्किंग दिसतं.’
मी त्याला कोपरानं ढोसलं.
मी अकरा वर्षांची होते, मला कळत होतं,
म्हणजे असं वाटत होतं.
‘तेव्हा पार्किंग नव्हतं,’ आई म्हणाली
आणि पावाचं करपलेलं टोक,
जे ती कधीच कुणाला देत नसे,
पप्पांच्या हातावर ठेवलं.

तीन वाजता गाडी मिळाली.
घाट चढलो, ब्रेक गप्प,
मशीन तेवढं खुडखुडत होतं.
वर सीमेवरची चौकी रिकामी, काचेला धूळ,
आत एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून.
तरी पप्पांनी गाडी हळू केली.
काच खाली घेतली.
थांबलेच.
मागचा ट्रक भोंगा वाजवायला लागला.

‘चल,’ आई हळूच म्हणाली,
‘कुणी बघत नाहीये.’